धूमकेतू, ढग आणि दारातली वीट

"वहिनी, एक लक्षात ठेवा. वीट लावल्याशिवाय गच्चीवर पाऊल टाकायचं नाही."

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी हे मला जिन्यात थांबवून, बोट वर करून, दोनदा सांगितलं होतं. गच्चीचं दार लोखंडी आहे. स्प्रिंगवर आपोआप लागतं आणि एकदा लागलं की फक्त जिन्याच्या बाजूनं उघडतं. गच्चीच्या बाजूला त्याला ना कडी, ना मूठ, ना किल्लीचं भोक. चोर वरून आत शिरू नये म्हणून ही योजना खुद्द सेक्रेटरींनीच काढलेली. आता आमच्या आसपास आमच्याएवढी उंच दुसरी इमारतच नाही, म्हणजे येणारा चोर थेट आकाशातूनच यायचा. पण सेक्रेटरींनी त्याचीही सोय ठेवली नव्हती. दाराशी एक वीट कायम पडलेली असे. दार उघडायचं, वीट अडकवायची, मग बाहेर जायचं.

मी "हो हो" म्हटलं आणि पुढे सटकले.

मी सूचना न ऐकणाऱ्यांतली बाई नाही, हे इथे नमूद करून ठेवते. लेक झाल्यापासून तर मी सूचनांवरच जगते आहे. बाबागाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी दोन भाषांत वाचलंय. आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवते, मग दुसरं कोपर बुडवते, कारण पहिलं कोपर निबर झालं असलं तर? छोटी झोपली की ती श्वास घेते आहे ना हे बघायला मी तिला हलवते, त्यामुळे ती जागी होते, मग ती रडते, मग ती श्वास घेते आहे याची खात्री पटते. सबंध वर्षात मी एकच सूचना उडवून लावली, आणि ती विटेची होती.

तर धूमकेतू.

छोटी जन्मली त्याच दिवशी दूर कुठल्याशा वेधशाळेनं एक नवा धूमकेतू सापडल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी दवाखान्यातल्या खाटेवर, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ते लाल, चिडलेलं गाठोडं धरून वाचली. त्याला आकडे आणि अक्षरं मिळून एक नाव होतं, गाठोड्याला तेवढंही नव्हतं. मी त्याला त्याच क्षणी 'छोटीचा जुळा' म्हणायला लागले. तो सूर्याकडे निघाला होता. पोचायला त्याला जवळजवळ वर्ष लागणार, मग थोडेच दिवस तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसणार आणि निघून जाणार. परत येईल तेव्हा आम्ही कुणीच नसू, आमची इमारत नसेल, कदाचित सेक्रेटरीही नसतील. या जुळ्याचा एक फोटो मला छोटीसाठी हवा होता. मी स्वतः, माझ्या हातानं काढलेला. बस, एवढंच होतं माझं मागणं.

त्यात थोडा मानाचाही प्रश्न होता. कॉलेजपासून मी आमच्या आकाशदर्शन मंडळात आहे. मंडळ म्हणजे आम्ही तिघं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. कुठलीही वाईट बातमी ते "घाबरू नका, थोडंसं जाणवेल" असं म्हणून सांगतात. दुसरे गणिताचे मास्तर. उंच, हडकुळे, उभे राहताना हातातली छत्री तिसऱ्या पायासारखी टेकवणारे, म्हणून सगळे त्यांना ट्रायपॉड म्हणतात, तेही म्हणवून घेतात. छोटी झाल्यावर मी महिनोन्महिने फिरकले नाही, तेव्हा ट्रायपॉड म्हणाले होते, "तुम्ही आता सुटलात. तुमचं आकाश आता छतापर्यंत." त्यांना विनोद करायचा होता. मला तो लागला. दूध पाजताना मी खरोखरच छताकडे बघत असे, आणि तिथल्या पोपड्यांमध्ये मला तारकासमूह दिसायला लागले होते.

धूमकेतू दिसायला लागायचा आणि आभाळ भरून यायचं, यांची वेळ कुणी कशी जुळवली कोण जाणे. एरवी पावसाचे दिवस नव्हेत. पण दुर्बिणीवरचं कापड काढलं की ढग येत, आणि घातलं की ऊन पडे. दोघं-तिघं शेजारी तर कपडे वाळत घालायच्या आधी "आज दुर्बीण आहे का हो?" असं विचारायला लागले.

सल्ल्यांचा पाऊस तर ढगांवर अवलंबून नव्हताच. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "अगं, डोंगरावर जा की. ढग खाली राहतात, आपण वर." दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर म्हणाले, "ढग ही अडचण नाही, तुमचं नियोजन ही अडचण आहे." माझा नवरा विमा कंपनीत धोक्यांचं गणित मांडतो. तो म्हणाला, "आमच्याकडे याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात. भरपाई मिळत नाही." सासूबाई जन्मभर रेल्वे स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करत होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाज झाला नाही. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, "सूचना. धूमकेतू ढगांमुळे उशिरानं धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल घरातले लोक दिलगीर नाहीत."

छोटीला घेऊन डोंगरावर जाणं मला शक्य नव्हतं. डोंगरावर वारा असतो, वाऱ्यात धूळ असते, धुळीत काय काय असतं ते मी वाचलेलं होतं. तेव्हा मंडळानंच आमच्या गच्चीवर यायचं ठरलं, आणि त्यासाठी मी परवानगी मागायला सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी उंचीनं बेताचे, त्यामुळे बसून बोलतात.

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"धूमकेतू बघणे."

"पाहुणे कुठून येणार?"

"सूर्यमालेच्या अगदी कडेकडून."

"मी तुमच्या मंडळाचं विचारतोय, वहिनी."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ठीक. पण अंधार पडला की गच्ची बंद."

"अहो, पण तो अंधार पडतानाच दिसतो."

"मग पडताना बघा. पडला की खाली या."

त्यावर समितीची बैठक झाली. धूमकेतूमुळे टाकीतलं पाणी दूषित होईल का, या मुद्द्यावर बराच खल झाल्याचं काकूंकडून कळलं. परवानगी मिळाली. जिन्यात गाठून विटेबद्दल सांगितलं ते याच वेळी.

पहिल्या संध्याकाळी दुर्बीण उभी केली, ट्रायपॉडनी आपला फोन तिच्या आयपीसवर, म्हणजे आपण डोळा लावतो त्या भिंगावर, पट्टीनं बसवला आणि थेंब पडायला लागले. एकच मेणकापड हाताशी होतं, ते बाबागाडीवरचं. अध्यक्षांनी ते सरळ उचलून दुर्बिणीवर टाकलं.

"अहो डॉक्टर! मूल!"

"मूल वाळतं," अध्यक्ष म्हणाले, "भिंगाला बुरशी धरते."

नवऱ्यानं छोटीवर छत्री धरली, मी नवऱ्यावर डोळे धरले, आणि आम्ही सगळे भिजून खाली आलो. छोटी तेवढी खूश होती. तिला भिजलेली माणसं आवडतात.

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस नव्हता. पश्चिमेला ढगांमध्ये मोकळे तुकडे होते, पण हवा इतकी दमट की भिंगावर सारखं दव धरे. पुसावं, फोन बसवावा, की पुन्हा वाफ. दव धरू नये म्हणून भिंगाला गुंडाळायचा एक गरम पट्टा मिळतो, तो मी मागवला होता, पण तो वाटेत होता. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छोटीच्या दुधाची बाटली कोमट राहावी म्हणून आमच्याकडे एक विजेवरचा पट्टा आहे. मी तो बाटलीवरून काढला आणि आयपीसला गुंडाळला. क्षणात वाफ गेली! अध्यक्ष म्हणाले, "वा! आई झाल्याचा विज्ञानाला फायदा झाला." माझा ऊर भरून आला. इकडे छोटीचं दूध थंड झालं आणि तिनं असा सूर लावला की खालच्या चार मजल्यांच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. पण तोवर ट्रायपॉडच्या फोनच्या पडद्यावर एक फिकट, धुरकट गोळा उमटला होता, आणि त्याला, देवाशप्पथ सांगते, शेपटी होती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी गच्चीवर काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. अध्यक्ष नाचले एवढंच सांगते.

फोटो सगळ्यांना पाठवले. माझ्या आईला पाठवला, तिनं "बाळाला सर्दी तर नाही ना झाली?" असं उत्तर पाठवलं. सेक्रेटरींनी त्याची मोठी प्रत काढून खालच्या फळ्यावर लावली. 'आपल्या गच्चीवरून टिपलेला धूमकेतू. गच्चीचा वापर समितीच्या परवानगीने.' लोक थांबून बघत. मी मुद्दाम लिफ्टऐवजी जिन्यानं उतरत असे, फळ्यापाशी बाबागाडीचं चाक तपासत असे.

फोटो लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांचा फोन आला.

"घाबरू नका," ते म्हणाले, "थोडंसं जाणवेल."

झालं होतं असं की फोटो नीट फोकस व्हावा म्हणून ट्रायपॉडनी पट्टा गुंडाळल्यावर आधी समोरच्या कारखान्याच्या धुराड्याचे फोटो काढले होते. ते पुसायला म्हणून त्यांनी उघडले, तर धूमकेतू त्यांतही होता. तोच गोळा, तीच शेपटी, त्याच जागी. आणि मुख्य म्हणजे तो धुराड्याच्या अलीकडे होता.

"म्हणजे तो इतका जवळ आलाय?" मी विचारलं. माणूस आशेपायी काहीही विचारतो.

"दूध आहे ते," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या पट्ट्याला दुधाचा थेंब होता. तो भिंगावर ओघळला आणि वाळला."

बातमी आमच्या इमारतीत माझ्याआधी पोचली. फळ्यावरचा फोटो सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं, टाचणी वाकडी न होऊ देता काढला. लिफ्टमध्ये इंजिनिअरनी विचारलं, "मग, आज साय किती आली?" काकू म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. पण म्हशीचं होतं की गायीचं?" नवऱ्यानं मात्र दिवसभर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त जेवताना दह्याचं भांडं माझ्याकडे सरकवताना तो भिंतीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मला हसू आलं नाही. उद्याची शेवटची संध्याकाळ होती. त्यानंतर छोटीचा जुळा सूर्याच्या झोतात बुडणार होता, आणि तिला सांगायला माझ्याकडे काय होतं? तर तुझा जुळा आला होता बाळ, पण आई भिंग पुसायला विसरली.

शेवटच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. ट्रायपॉडनी निरोप धाडला, 'आजचं रद्द समजू.' दुपार झाली तरी तेच. मी मागच्या बाल्कनीत छोटीची दुपटी आणि लंगोट चाचपत उभी होते. सांगायला संकोच वाटतो, पण वर्षभर मी दुसरं केलंय काय? दिवसाकाठी ढीगभर लंगोट वाळत घालणाऱ्या बाईला हवेचं जे कळतं ते आकाशाकडे बघणाऱ्याला कळत नाही. एरवी दमट दिवसात आमचे लंगोट भिंतीला चिकटून लोंबत राहतात. त्या दुपारी ते एकाएकी पूर्वेकडे फडफडायला लागले आणि पाऊस चालू असताना त्यांचे काठ सुकले. पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला होता. मागून उघडीप येणार, सूर्यास्ताच्या सुमाराला येणार, आणि फार टिकणार नाही.

मी अध्यक्षांना फोन लावला. "या. आज दिसणार."

"हवामान खातं नाही म्हणतंय."

"लंगोट हो म्हणतायत."

पलीकडे खुर्ची कुरकुरली. मग, "खुर्चीत पेशंट आहे हो."

"दात काय पळून जातोय?"

"हलणारा आहे. पळूही शकेल."

पण ते आले. ट्रायपॉड आले, छत्रीसकट. अंधार पडला की गच्ची रिकामी करून घ्यायला सेक्रेटरी आले. सासूबाई आल्या, कारण "घरात एकटीनं बोललं तर ऐकायला कुणी नाही." छोटीला मी झोपवून, फोन तिच्या पाळण्याशी ठेवून, नवऱ्याला बसवून वर येणार होते, पण ती झोपायला तयार नाही, तेव्हा नवरा आणि छोटी दोघंही वर आले. माझा फोन रिकाम्या पाळण्याची राखण करत खालीच राहिला. नवऱ्यानं दार उघडलं, वीट अडकवली. मी स्वतः बघितलं. सगळं रीतसर झालं होतं.

पाऊस थांबला होता, पण वारा असा की दुर्बीण तिच्या तिवईवर थरथरत होती. फोनच्या पडद्यावर धुराडं नाचत होतं.

"तिवईला काहीतरी जड बांधा," मी ओरडले. हा आमच्या धंद्यातला साधा उपाय आहे, तिवईच्या मध्ये वजन लटकवलं की ती स्थिर होते. ट्रायपॉड लगबगीनं गेले आणि बाजाराच्या पिशवीत काहीतरी जड घालून घेऊन आले. पिशवी लटकवली. दुर्बीण दगडासारखी उभी राहिली.

"छान," मी म्हटलं, "अगदी योग्य वजन." कुठून आणलं हे विचारायचं मला सुचलं नाही. आंघोळीच्या पाण्यात दोन्ही कोपरं बुडवणाऱ्या मला!

आणि मागे धाडकन आवाज झाला.

सेक्रेटरींनी दाराकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला. "वीट!"

सगळे दाराकडे धावले. दार गुळगुळीत होतं. "मूठ कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं. "मूठ नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्या परिस्थितीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. फोनची चौकशी झाली. अध्यक्ष संध्याकाळी फोन मुद्दाम दवाखान्यात ठेवतात, कारण लोकांचे दात तिन्हीसांजेला ठणकतात. नवऱ्याचा चार्जिंगला. सेक्रेटरी तारेच्या फोनखेरीज बोलत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मी जन्मभर माइकवर बोलले. मला कशाला हवाय?" उरला ट्रायपॉडचा, दुर्बिणीवर बसवलेला.

"करा फोन!" सेक्रेटरी म्हणाले. "काकूंना करा!"

ट्रायपॉडनी पडद्याकडे बघितलं. "बॅटरी संपत आलीय. एकच काहीतरी होईल. फोन तरी, नाहीतर फोटो तरी."

नेमक्या त्याच वेळी पश्चिमेला ढगांची कड उचलली गेली. खाली केशरी फट पडली, पत्रपेटीच्या तोंडाएवढी, आणि हळूहळू रुंद व्हायला लागली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मूल माझ्या कडेवर होतं. मी सवयीप्रमाणे भीती शोधू लागले. छोटीच्या पायांना हात लावला. ऊबदार. बाटली पट्ट्यात, दूध कोमट. मेणकापड बाबागाडीवर. लंगोट कोरडा. अंगात स्वेटर, डोक्याला टोपी, आसपास पाच मोठी माणसं, त्यांतलं एक डॉक्टर, दातांचं का होईना. मी पुन्हा शोधली. भीती सापडेना. छोटी तर सेक्रेटरींच्या चष्म्याची दोरी चघळण्यात गढली होती.

"फोटो," मी म्हटलं.

"वहिनी!"

"मी हा धोका पत्करतो," माझा नवरा म्हणाला. लग्नानंतर एवढं प्रेमाचं वाक्य त्यानं बोललेलं मला आठवत नाही.

मी छोटीला त्याच्याकडे दिलं, भिंग पुसलं, पुन्हा पुसलं, धुराड्याच्या जरा वर दुर्बीण धरली. आणि तो होता. इवलंसं लखलखीत डोकं, आणि वर जाणारी शेपटी. फळ्यावर कुणी खडूनं रेघ ओढायला घ्यावी आणि मागून हाक आली म्हणून हात उचलावा, तशी विरत गेलेली. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तो तिरपा खाली सरकत होता आणि मी दाबत होते, अखेर फोन काळा पडला.

मग फोन काढून आम्ही आळीपाळीनं डोळ्यानं बघितलं. अध्यक्ष भिंगापासून हलेनात. सासूबाई म्हणाल्या, "आला बाई. वेळेवर आला." छोटीला मी आयपीसशी धरलं, तर तिनं आपल्या जुळ्याला चाटलं. भिंग पुन्हा पुसावं लागलं. शेवटी सेक्रेटरी पुढे आले, "नियम म्हणून बघतो" असं म्हणत. त्यांचा डोळा पोचेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून वीट काढली, जमिनीवर ठेवली आणि वर उभे राहिले. मग त्यांचा आवाज येणंच बंद झालं.

इकडे सासूबाईंनी कठड्याशी जाऊन घसा साफ केला. "सूचना! गच्चीवरचे प्रवासी गच्चीवर अडकले आहेत! तळमजल्याच्या काकू, जिथे असाल तिथून तातडीनं गच्चीकडे या!" पलीकडच्या गल्लीतले दिवे लागले.

धापा टाकत काकू आल्या. दार उघडलं. "काय गं बाई, किती घाबर..." आणि त्यांचं लक्ष पश्चिमेकडे गेलं. "अय्या, हाच का तो?" त्या पुढे आल्या.

"वीट! वीट लावा!" नवरा ओरडला.

"वीट कुठाय?"

"माझ्या पायाखाली," सेक्रेटरी भिंगातून मान न काढता म्हणाले. "जरा थांबा."

धाड.

सासूबाईंनी पुन्हा घोषणा केली. या खेपेला इंजिनिअर आले. दारातच उभं राहून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाहेरून मूठ नाही हे कसं शक्य आहे?" आणि बघायला बाहेर आले. धाड. त्यांच्यामागून त्यांना शोधत त्यांची बायको आली, बायकोला शोधत त्यांच्या शेजारची मुलगी आली. प्रत्येक जण सोडवायला येई आणि केशरी आभाळ बघून दोन पावलं पुढे टाकी. धूमकेतू क्षितिजाकडे उतरला तेव्हा अर्धी इमारत गच्चीवर होती, उरलेली अर्धी कामावरून परतली नव्हती, धावत आलेल्यांत कुणीच फोन आणला नव्हता, खाली सोडवायला कुणी उरलं नव्हतं, आणि आजपर्यंत समितीच्या बैठकीला इतकी हजेरी कधी लागली नव्हती. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "म्हटलं नव्हतं मी? उंचावर या म्हणून!" वरून भुरभुर सुरू झाली. कुणी हललं नाही.

शेवटी रस्त्यावरच्या एका कुरिअरवाल्यानं सासूबाईंचा आवाज ऐकला आणि तो जिना चढून आला. दार उघडलं, हातात खोकं, डोळे पश्चिमेकडे. त्यानं पाय उचलला.

"थांब!" सासूबाई गरजल्या. "दारातच उभा राहा!"

तो दारात उभा राहिला. सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सबंध नोकरीत लोकांना सांगितलं, दारात उभं राहू नका. एकानं ऐकलं नाही. आज पहिल्यांदा उभं राहा म्हटलं, आणि बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी स्वतः दार धरलं आणि त्याला कठड्यापर्यंत जाऊन शेपटीचं उरलेलं टोक बघू दिलं. खोकं माझ्याच नावाचं होतं. त्यात दव धरू नये म्हणून मागवलेला पट्टा होता.

दुसऱ्या दिवशी ट्रायपॉडनी फोटो आणून दाखवले. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. धुराडं होतं, शेपटी होती, डोकं मात्र दिसत नव्हतं.

"धुराड्याच्या पलीकडे," ते म्हणाले. "पलीकडे आहे, वहिनी!" आणि त्यांनी छत्री सोडून माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्याच्या आधीचा, पूर्ण डोक्यासकटचा फोटो आता छोटीच्या पाळण्यावर, पोपड्यांच्या खाली लावलाय. दुसरी प्रत फळ्यावर आहे. काकू जाता-येता तिच्यावर नख घासून बघतात.

तर आता विनंतीकडे येते. त्या संध्याकाळपासून आमचे सेक्रेटरी बिघडलेत. त्यांनी स्वतःची दुर्बीण घेतलीय, आणि पुढचा धूमकेतू आपणच शोधणार असं ठरवून ते रोज सूर्यास्ताला एकटेच गच्चीवर जातात. कठडा त्यांना उंच पडतो, म्हणून ते विटेवर उभे राहतात. त्याच विटेवर. आजही गेलेत, मी जिन्यात पावलं ऐकली. मघाशी वर धाडकन काहीतरी वाजलं, आणि आता भुरभुर सुरू झालीय. नवरा आणि सासूबाई बाहेर गेलेत, काकू गावाला, आणि छोटी नुकतीच माझ्या खांद्यावर झोपलीय. मी हलले की संपलं. तेव्हा तुम्ही जवळपास असाल तर एकदा वर जाऊन त्यांना बघून याल का? आपण मुद्दामच थांबलोय असं ते म्हणतील, पश्चिमेला काहीतरी दाखवतीलही. बघा, खुशाल बघा. पण एक लक्षात ठेवा. एक पाय दारात.